२ × ४ = ८.०३५ : कागदी स्लाइड रूल, पुढची नोंद

सापडलं एकदाचं. मी कागदावर छापून स्लाइड रूल बनवतोय, म्हणजे लॉगच्या प्रमाणात खुणा केलेल्या पट्ट्या एकमेकींशेजारी सरकवून गुणाकार करायचं साधन. त्यातला मधल्या सरकत्या पट्टीवरचा सी आणि बाहेरच्या अंगावरचा डी हे स्केल जुळत नाहीत म्हणून मागच्या नोंदीत जी रड होती, तिचं मूळ हाती लागलं. ते लॉगच्या गणितात नव्हतं, प्रिंटरमध्येही नव्हतं. ते होतं डी स्केलच्या उजव्या टोकाला लिहिलेल्या ‘१०’ या आकड्यात.

आधी लक्षण नीट सांगतो. सीचा १ डीच्या २ वर ठेवला की सीच्या ४ खाली डीवर ८ यायला हवा. माझ्याकडे तो यायचा ८ आणि ८.०५ या दोन खुणांच्या मध्ये, तेही अर्ध्याच्या पुढे. २५ सेंटीमीटरच्या स्केलवर ४ ते १० या भागात सर्वांत लहान विभाग ०.०५ चा, आणि ८ पाशी त्याची रुंदी पाऊण मिलिमीटरही भरत नाही. भिंगाखाली धरून वाचलं तर उत्तर ८.०३५ च्या आसपास. डावीकडे १ वर १ ठेवला की तिथे दोन्ही चोख जुळायचे. उजव्या टोकाला मात्र सी डीच्या ०.८ मिमी पुढे निघून जायचा.

इथे स्लाइड रूलचा एक गुण कामी आला. दोन्ही स्केल सारख्याच प्रमाणात लहानमोठे झाले तर उत्तरात काडीचाही फरक पडत नाही. गुणाकार म्हणजे दोन लांब्यांची बेरीज. दोन्ही लांब्या एकाच मापातल्या असल्या की झालं, मग स्केल २५० मिमीचा असो की १८७.५ चा. त्यामुळे ‘प्रिंटर पान आवळून छापतोय का बघ’ हा मला मिळालेला सल्ला मी बाजूला ठेवला. सी आणि डी एकाच कागदावर, एकाच दिशेत छापलेले. प्रिंटर एकाला आवळून दुसऱ्याला मोकळं सोडणार नाही. फरक दोघांच्या गुणोत्तरात होता, म्हणजे तो छपाईच्या आधीच शिरलेला होता. स्केल काढणाऱ्या माझ्या स्क्रिप्टमधून निघालेल्या दोन्ही एसव्हीजी (रेघांच्या चित्राच्या) फायली उघडून पहिली आणि शेवटची रेघ तपासली: दोन्हीकडे अंतर बरोबर २५०. मग पाणी मुरत होतं ते फाइल पानाच्या मांडणीच्या प्रोग्राममध्ये आणताना, म्हणजे आयातीत.

आता म्हणाल, आयातीचा घोळ तर आधीच निस्तरला होता ना? तो मोठा घोळ होता, आणि मोठे घोळ बरे असतात, कारण ते गुणोत्तरावरून ओळखता येतात. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. एसव्हीजीमध्ये विड्थ आणि हाइट एककाशिवाय लिहिली की तो नुसता आकडा राहतो. इंकस्केप हा चित्रांचा प्रोग्राम किंवा ब्राउझर त्याला पिक्सेल समजतात, ९६ चा एक इंच. इलस्ट्रेटर हा दुसरा प्रोग्राम त्याच आकड्याला पॉइंट समजतो, ७२ चा एक इंच. माझी स्क्रिप्ट पॉइंटमध्ये मोजायची, त्यामुळे २५० मिमीसाठी ती ७०८.६६ लिहायची. ७२ मानणाऱ्याकडे ते २५० मिमीच होतं, ९६ मानणाऱ्याकडे १८७.५. उलट ९६ च्या हिशेबाने ९४४.८८ लिहिलं तर ७२ वाल्याकडे ३३३.३ मिमीचा अगडबंब स्केल उगवतो. म्हणून आयात केलेलं चित्र ०.७५ किंवा १.३३३ पट दिसलं की बाकी काही न शोधता आधी एकक बघायचं.

के, म्हणजे घनांच्या स्केलची गंमत आणखी वेगळी. ती फाइल फार जुनी, इंकस्केपच्या ०.९२ आधीच्या आवृत्तीत केलेली, आणि तेव्हा तिथे इंचाला ९० पिक्सेल धरत. हा ९० आभाळातून पडलेला नाही: वेबपानांच्या मांडणीचं प्रमाण असलेल्या सीएसएसच्या १९९८ च्या आवृत्ती २ मध्ये संदर्भ पिक्सेल ९० डीपीआयवरच (इंचाला ९० ठिपके) बेतलेला होता, आणि एसव्हीजी १.१ च्या तपशिलातली उदाहरणंही त्याच हिशेबाने आहेत. पुढे सीएसएस २.१ ने ९६ पक्का केला आणि २०१७ च्या ०.९२ मध्ये इंकस्केपनेही तोच घेतला. माझा के स्केल त्यामुळे २३४.३७५ मिमीचा भरत होता, बरोबर ९० भागिले ९६. दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत जुळणारं गुणोत्तर दिसलं तेव्हा जो आनंद झाला तो इथल्या मंडळींनाच कळेल. बाहेर कुणाला सांगितलं तर लोक विषय बदलतात.

यावर उपाय एकच आणि कायमचा: विड्थ आणि हाइटला ‘एमएम’ जोडायचं आणि व्ह्यूबॉक्स, म्हणजे चित्राच्या आतल्या मोजमापाची चौकट, त्याच आकड्यांचा ठेवायचा. विड्थ २५० मिमी आणि व्ह्यूबॉक्सची रुंदी २५० असली की आतलं एक एकक म्हणजे एक मिलिमीटर, आणि स्क्रिप्टमध्ये पुन्हा कधी २५.४ लिहावं लागत नाही. फाइल हलकी करणाऱ्या साधनांपासून मात्र सावध. त्यांतली काही व्ह्यूबॉक्स फालतू समजून काढून टाकतात, काही उलट विड्थ-हाइट उडवतात. फाइल दोन किलोबाइटने हलकी होते आणि आपली संध्याकाळ जड.

हे सगळं करूनही ते ०.८ मिमी तसेच. गुणोत्तर काढलं तर १.००३२. ना ०.७५ शी नातं, ना ०.९३७५ शी. कुठल्याच ओळखीच्या एककात न बसणारा आकडा. टीईएक्स या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामचा पॉइंट इंचाला ७२.२७ असा असतो म्हणून तोही लावून पाहिला. त्याचं गुणोत्तर १.००३७५, जवळ येतं पण बसत नाही. आणि या साखळीत टीईएक्स आहेच कुठे? इथे मी बराच वेळ घालवला आणि हाती काही लागलं नाही.

धागा सापडला तो सीआय स्केलमुळे. सीआय म्हणजे उलटा सी: डावीकडे १०, उजवीकडे १. तो मांडल्यावर उजवं टोक सीशी तंतोतंत जुळलं आणि डावं टोक ०.८ मिमीने आत सरकलं. डीच्या नेमकं उलट. म्हणजे जिकडे ‘१०’ लिहिलंय तेच टोक सरकत होतं! सीवर मी दोन्ही टोकांना नुसता ‘१’ लिहिला होता, डी आणि सीआयवर एका टोकाला ‘१०’. मग डीवरचा ‘१०’ खोडून ‘१’ केला, पुन्हा आयात केली, आणि २ × ४ खुणेवर खूण ८ आलं.

घडत होतं ते असं. मांडणीचा प्रोग्राम (नाव घेत नाही, नाहीतर चर्चा भलतीकडे जाईल) फाइलमधल्या पानाचं माप बघतच नाही. तो बघतो प्रत्यक्ष शाई कुठून कुठपर्यंत आहे ते, म्हणजे दृश्य सीमाचौकट. पहिली रेघ शून्यावर आहे, पण तिच्या डोक्यावरचा ‘१’ रेघेवर मध्यभागी बसवलेला, त्यामुळे तो ०.७ मिमी डावीकडे बाहेर डोकावतो. उजवीकडचा ‘१’ तेवढाच, पण ‘१०’ दोन आकड्यांचा असल्याने १.५ मिमी. म्हणजे सीची चौकट २५१.४ मिमी आणि डीची २५२.२. मी दोघांसाठी २५० मिमीची फ्रेम आखून ‘फ्रेममध्ये बसव’ म्हणत होतो. प्रोग्रामने सांगितलं तेच केलं: दोन्ही बसवले, एकाला कमी आवळून, दुसऱ्याला जास्त. २५२.२ भागिले २५१.४ करून पाहा, १.००३२ येतं.

ज्यांना टोकाचे आकडे बदलून प्रश्न सुटला असं वाटतंय त्यांनी ए आणि के आठवावेत. ए हा वर्गांचा स्केल दोन दशकांचा (दशक म्हणजे दहापटीचा एक टप्पा), शेवटी १००. के तीन दशकांचा, शेवटी १०००. शिवाय फॉन्ट बदलला की आकड्याची रुंदी बदलते, आणि मी देवनागरी आकड्यांसाठी अजून दोन फॉन्टमध्ये घुटमळतोय. शिवाय आकडे पूर्ण काढले तरी रेघेची जाडी उरतेच: ०.१ मिमीची रेघ शून्याच्या अलीकडे ०.०५ मिमी सांडते. इंकस्केपमध्ये यासाठीच दृश्य आणि भौमितिक अशा दोन्ही सीमाचौकटींची सोय आहे. प्राधान्यांत जाऊन भौमितिक निवडा, मोजमापं स्वच्छ दिसू लागतात. पण ते इंकस्केपपुरतं. पुढच्या प्रोग्रामला त्याचं सोयरसुतक नाही.

उपाय म्हणून आधी पानाएवढा अदृश्य आयत टाकून पाहिला, ना रेघ ना रंग. आयात करताना तो गायब. ज्यात शाई नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही. मग पांढरा भरीव आयत टाकला. चौकट बरोबर आली, पण सी आणि डीच्या खुणा एकाच कडेला भिडतात, आणि वर ठेवलेल्या फाइलच्या पांढऱ्याने खालच्याच्या खुणांची टोकं खाल्ली. शेवटी चाललं ते छपाईवाल्यांचं जुनं तंत्र: चारही कोपऱ्यांत ०.१ मिमीच्या कापखुणा (कागद कुठे कापायचा ते दाखवणाऱ्या रेघा), प्रत्येक स्केलच्या फाइलमध्ये अगदी त्याच जागी, २७० मिमीच्या चौकटीवर. आता आकडा ‘१’ असो की ‘१०००’, सर्वांत बाहेरची शाई कापखुणांचीच. सगळ्या चौकटी सारख्या झाल्या आणि कापायच्या वेळी पट्टी कुठे ठेवायची तेही आपसूक कळतं.

ताळ्यासाठी एल, म्हणजे लॉगची किंमत देणारा स्केल छापला. मला हा स्केल फार आवडतो आणि लोक त्याला उगाच हिणवतात. तो साधा समान भागांचा, ०.१ म्हणजे २५ मिमी, त्यामुळे छापलेल्या पानावरच एक फूटपट्टी मिळते. कर्सर (वर सरकणारी, मध्ये रेघ असलेली पारदर्शक पट्टी) डीच्या २ वर ठेवला की एलवर ०.३०१ दिसायला हवं, ३ वर ०.४७७. दोन्ही आले. पायची (π) खूण ०.४९७ वर. त्या रात्री मी विनाकारण बरेच गुणाकार केले.

पीडीएफचा रस्ताही करून पाहिला. इंकस्केपच्या कमांड लाइनवर पान निर्यात करायचं की नुसतं चित्र, याचे दोन वेगळे पर्याय आहेत. पानाचा निवडला की माप फाइलमध्ये पक्कं बसतं. पीडीएफमध्ये मीडिया, क्रॉप, ट्रिम अशा चौकटी मुळातच वेगळ्या लिहिलेल्या असतात, आणि इनडिझाइनसारखे प्रोग्राम आयात करताना कुठली चौकट धरायची ते विचारतात. एसव्हीजीच्या बाबतीत हे कुणी विचारत नाही, म्हणून अचूक मापाच्या कामात मला हल्ली पीडीएफच बरा वाटू लागलाय.

आणि हे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात येतेय. प्रत्येक स्केलची वेगळी फाइल हवीच कशाला? मधल्या पट्टीचे बी (ए सारखाच), सीआय, सी आणि बाहेरच्या अंगाचे ए, डी, के, एल हे सगळे स्क्रिप्टने एकाच आडव्या ए४ पानावर, २९७ × २१० मिमीवर, आपापल्या जागी काढले, तर आयात एकदाच. कापखुणा पानाच्या कोपऱ्यांत. तिथे प्रिंटर छापत नाही, पण चौकट छपाईच्या आधी मोजली जाते, त्यामुळे फरक पडत नाही. माप कितीही चुकलं तरी सगळ्यांचं सारखंच चुकेल. मांडणीच्या प्रोग्राममध्ये मग फक्त वापराच्या सूचना आणि घड्यांच्या रेघा उरतात. सात फायलींचं बाड मोडीत काढतोय. एक जपायचं: मधली पट्टी आणि अंग कागदाच्या एकाच धाग्याच्या दिशेत यायला हवेत. दमट हवेत कागद धाग्याला आडवा जास्त फुगतो, आणि दोघांच्या दिशा वेगळ्या असल्या की इतकं करून मिळवलेलं जुळणं पुन्हा हातचं जाईल.

पण मग गोल स्लाइड रूल का नको, हा विचार आता डोक्यातून जात नाहीये. गोल स्केलवर किंमत कोनात असते. आतली चकती आयातीत एक टक्का लहान झाली तरी २ चा कोन १०८.३७ अंशच राहतो. फार तर दोन चकत्यांमध्ये फट दिसेल. आज ज्याने छळलं तो प्रकार तिथे जवळपास निरुपद्रवी. मात्र दोन नवी दुखणी येतात. उभं आणि आडवं माप वेगळं झालं तर वर्तुळाचा लंबगोल होतो आणि कोनही बिघडतात, म्हणजे आस्पेक्ट रेशो कुलूपबंद हवा आणि प्रिंटरची उभी-आडवी चूक एकदा मोजून ठेवायला हवी. दुसरं, सीमाचौकटीचा मध्य म्हणजे चकतीचा मध्य नव्हे. बाहेरच्या कडेला कुठे ‘पाय’ची खूण डोकावली तर प्रोग्रामचा मध्य तिकडे सरकेल, आणि मी त्याच्या मध्यावर भोक पाडलं तर चकती फिरताना हेलकावे खाईल. म्हणून मध्याची फुली स्क्रिप्टनेच चित्रात काढायची आणि सुई तिच्यावरच टोचायची.

सरळ आवृत्तीचं एकपानी रूप आधी पूर्ण करतो, कर्सरची केसरेघ त्यातच राहिलीय. पारदर्शक फिल्मवर ०.१ मिमीची रेघ लेझर प्रिंटरवर तुटक येते, ०.१५ वर कुणी छापून पाहिली असेल तर सांगा, नाहीतर सुईने ओरखडा काढून त्यात शाई भरणार आहे.