वाचून खेळलेले गेम

मी जेवढे गेम खेळले असतील, त्याच्या दसपट वाचले आहेत. ही बढाई नाही, कबुली आहे. माझा हात मंद. तिसऱ्या लेव्हलला कुठून तरी एक गोळी येते आणि आमचा कारभार आटोपतो. कागदावर मात्र मी कधीच मेले नाही. कागदावर सगळी भुयारं पालथी घातली, लेव्हलच्या टोकाला बसलेले सगळे बॉस लोळवले आणि राजकन्याही दोन-चारदा सोडवून आणली, तेही पांघरुणातून हात बाहेर न काढता.

गेली काही वर्षं रात्री झोपण्याआधी मी जुन्या गेम-मासिकांचे स्कॅन चाळते. इंग्रजी सोडलं तर बाकीच्या भाषांतलं मला ओ की ठो कळत नाही. जपानी, पोलिश, स्पॅनिश, सगळं सारखंच. पण काही बिघडत नाही. गेमच्या मासिकाचं पान कुठल्याही लिपीत ओळखू येतं. एका कोपऱ्यात नकाशा, त्यावर बाण, तळाशी चौकटीत ठळक आकडा आणि उरलेल्या जागेत टपाल-तिकिटाएवढी चित्रं.

त्या चित्रांवर माझा भारी जीव. आज एक बटण दाबलं की पडद्याची हुबेहूब प्रत मिळते. तेव्हा पडद्याचा फोटो काढायला लागायचा, अगदी खराखुरा, कॅमेऱ्यानं. खोलीत अंधार करायचा, टीव्हीसमोर तिपाई रोवायची, शटर थोडं जास्त वेळ उघडं ठेवायचं. त्या काळच्या टीव्हीचं चित्र एका दमात उमटायचं नाही, ते ओळीओळीनं रंगवलं जायचं, आणि एका फेरीला १/५० किंवा १/६० सेकंद लागायचा. शटर त्याआधी मिटलं तर फोटोत आडवा काळा पट्टा. फार वेळ उघडं राहिलं तर धावणाऱ्या नायकाचं भूत. त्या जुन्या फोटोंच्या कडा टीव्हीच्या काचेसारख्या फुगीर असतात, रंग एकमेकांत जरासे सांडलेले असतात. मला तेच आवडतं. त्या फोटोत गेमबरोबर अंधारात श्वास रोखून बसलेला एक माणूसही असतो.

पहिलं मासिक कुठलं, यावर लोक अजून वाद घालतात. ब्रिटनचं 'कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स' नोव्हेंबर १९८१चं. त्याच हिवाळ्यात अमेरिकेत 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' निघालं, बिल कंकल, आर्नी कॅट्झ आणि जॉइस वर्ली या तिघांचं. दोघांत काही दिवसांचं अंतर. जुळ्यांत थोरलं कोण, हे विचारण्यात मला तरी रस नाही.

मला रस आहे लडलोमध्ये. वेल्सच्या सीमेलगतचं हे किल्ल्याचं छोटं इंग्लिश गाव. रॉजर कीन आणि ऑलिव्हर व फ्रँको फ्राय या भावांनी तिथं न्यूजफील्ड नावाची कंपनी काढली. आधी टपालानं गेम विकायचे, मग १९८४ साली 'क्रॅश' सुरू केलं, झेडएक्स स्पेक्ट्रम या कॉम्प्युटरसाठी. पुढच्या वर्षी कमोडोर ६४ हा कॉम्प्युटर असणाऱ्यांसाठी 'झॅप ६४'. 'क्रॅश'ची परीक्षणं लिहायला गावातल्या शाळेतली पोरं यायची. शाळा सुटली की थेट ऑफिसात, गेम खेळायचा आणि मत द्यायचं. पोरांना कोणाची भीड नसते, त्यामुळे मत रोखठोक. मुखपृष्ठं ऑलिव्हर फ्राय रंगवायचा: पिळदार दंड, विचकलेले दात, मागे पेटलेलं आकाश. आता स्पेक्ट्रमची ऐपत बघा. आठ बाय आठ ठिपक्यांच्या एका घरात दोनच रंग बसायचे. मुखपृष्ठावरचा अक्राळविक्राळ राक्षस आत गेममध्ये भेटला, की हिरवट ढेकूण निघायचा. याला कोणी फसवणूक म्हणेल. मी म्हणत नाही. तो ढेकूण बघताना डोळ्यांपुढे फ्रायचा राक्षस ठेवायचा, हा त्या काळी गेम खेळण्याचाच एक भाग होता.

'झॅप'मध्ये आणखी एक गंमत होती. प्रत्येक परीक्षणाशेजारी लिहिणाऱ्याच्या चेहऱ्याचं छोटंसं चित्र. गेम आवडला तर चेहरा खुललेला, नाही तर एरंडेल प्यायल्यासारखा. मजकूर वाचायची गरजच नाही. आणि या मासिकांतल्या वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणारा लॉइड मँग्रम हा गृहस्थ तर मुळात नव्हताच. ऑफिसातलं जे कोणी मोकळं असेल, ते लॉइड. त्याच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार केलेल्या पोरांचा विचार मनात आला, की मला उगाच गलबलून येतं. न्यूजफील्ड १९९१ साली बुडाली.

इतके अंक चाळल्यावर एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. ज्या देशात वाचकाला जे मिळत नव्हतं, ते तिथल्या मासिकानं छापलं. ब्रिटनमध्ये गेम कॅसेटवर मिळायचे आणि अशा स्वस्त कॅसेटींचा पूर आला होता आणि त्यातला बराचसा गाळ. तिथं तोंडावर खरं सांगणारं कोणी तरी हवं होतं. फ्रान्समध्ये 'एब्दोजिसिएल' नावाचं साप्ताहिक निघायचं, वर्तमानपत्रासारखं. पानंच्या पानं भरून नुसते प्रोग्राम, वाचकांनी लिहून पाठवलेले. गेम हवाय ना? हा घे, बस टाइप करत.

तसा उद्योग मीही एकदा करून बघितला, एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर. एका जुन्या अंकातला, बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेतला गेम, सगळा मिळून दोन पानं. तीन संध्याकाळी डोळे बारीक करून उतरवला. 'रन' लिहून एंटर मारला, तर ३४० क्रमांकाच्या ओळीत चूक असल्याचं उत्तर आलं. शून्याच्या जागी मी इंग्रजी ओ ठोकला होता. तो सुधारला तर ४१०वर गाडी अडली. चौथ्या संध्याकाळी गेम अखेर चालला: एक चौकोन दुसऱ्या चौकोनाच्या मागे लागायचा. मी त्या चौकोनावर जितकं प्रेम केलं तितकं नंतरच्या कुठल्याही थ्रीडी नायकावर केलं नाही. तेव्हाची पोरं माझ्याहून पुढची. अमेरिकेतल्या 'कम्प्यूट्स गॅझेट'मध्ये तर नुसत्या आकड्यांच्या रांगा छापलेल्या असत. त्या भरण्यासाठी एमएलएक्स नावाचा वेगळा प्रोग्राम होता. प्रत्येक ओळीच्या शेवटी पडताळणीचा एक आकडा, तो जुळला नाही की यंत्र ओळ परत भरायला लावायचं. हजारो आकडे, अर्थ एकाचाही ठाऊक नाही, आणि तरी पोर बसलंय. पोथी उतरवून काढणारे लेखनिक असेच बसत असतील.

पण सगळ्यांवर कडी केली युगोस्लाव्हियानं. तिथं परदेशी कॉम्प्युटर आणणं महाकर्मकठीण, आयातीवर निर्बंध. १९८३-८४च्या हिवाळ्यात 'गालाक्सिया' या विज्ञान मासिकानं एक विशेषांक काढला आणि त्यात चक्क कॉम्प्युटरच छापला. म्हणजे वोया आंतोनिच या माणसानं बेतलेल्या यंत्राचे आराखडे, घरी जोडून घ्या म्हणून. हजारोंनी जोडले. मग त्यावर चालवायला काही तरी हवं, म्हणून बेलग्रेड रेडिओवर झोरान मोदली नावाचा निवेदक आपल्या 'व्हेंटिलेटर २०२' या कार्यक्रमात प्रोग्राम वाजवून दाखवू लागला. कॅसेटवरचा प्रोग्राम म्हणजे शेवटी आवाजच: किरकिर, कर्कश शिट्टी. श्रोत्यांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबायचं, ती किरकिर टिपून घ्यायची आणि कॉम्प्युटरला ऐकवायची. रेडिओ चालू असताना कोणी मिक्सर लावला तर गेमचं काय होत असेल, हा प्रश्न मला छळतो.

जपानमध्ये कमतरता कसली, तर वेळेची. गेम इतके निघायचे की निवडणार कसं? 'फामित्सू' १९८६ साली सुरू झालं. त्याच्या परीक्षणाचा साचा ठरलेला: चार परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, बेरीज चाळीसपैकी. प्रत्येकाला मत मांडायला बोटभर जागा. चाळीसपैकी चाळीस पहिल्यांदा मिळाले ते १९९८ साली, 'झेल्डा' मालिकेतल्या 'ओकारिना ऑफ टाइम' या गेमला. म्हणजे बारा वर्षं एकाही गेमला पैकीच्या पैकी देण्यावर चौघांचं एकमत झालं नाही. पुढे हे चाळीस जरा सढळ हातानं वाटले जाऊ लागले आणि माझा त्यातला जीव गेला.

त्याच देशातलं 'फॅमिली कॉम्प्युटर मॅगझिन', लाडानं 'फामीमागा', मला जास्त जवळचं. त्यात दर अंकाला गेममधल्या पन्नास छुप्या युक्त्या यायच्या, अधिक एक. ती जास्तीची एक साफ खोटी असायची, फोटोसकट बनवलेली. कुठली ते ओळखून कळवायचं आणि बक्षीस मिळवायचं. म्हणजे एका खोट्यापायी पोरं उरलेल्या पन्नास युक्त्या झक मारत करून बघणार. संपादक असावा तर असा.

अमेरिकेत थाप मारणाऱ्यांनी बक्षीसबिक्षीस ठेवलं नाही. 'स्ट्रीट फायटर टू' या मारामारीच्या गेममध्ये रियू हा लढवय्या जिंकला की हरलेल्याला ऐकवतो: शेंग लाँगला हरवल्याशिवाय तुला संधी नाही. आता हा शेंग लाँग कोण? कोणीच नाही. मूळ जपानी वाक्य होतं, माझा 'शोर्युकेन' हा ठोसा भेदल्याशिवाय तुझा निभाव लागणार नाही. त्यातल्या 'शोर्यु'ची चित्राक्षरं भाषांतरात चिनी उच्चारानं 'शेंग लाँग' झाली आणि ठोशाचा माणूस झाला. 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली'नं एप्रिल १९९२च्या अंकात छापलं, की हा शेंग लाँग गेममध्ये खरंच लपलेला आहे. त्याला बाहेर काढायची कृतीही दिली: रियू घ्यायचा, एकही फटका न खाता एम. बायसन या शेवटच्या प्रतिस्पर्ध्यापर्यंत जायचं आणि मग दहा फेऱ्या ना मारायचं, ना मार खायचा. सोबत बनावट फोटो. एप्रिल महिना आहे हे न बघता पोरांनी गेमच्या यंत्रात नाण्यांमागून नाणी ओतली. मासिकानं थाप कबूल केली ती वर्ष सरताना, आणि तोवर इतर मासिकांनी ती पारखून न घेता खरी म्हणून छापूनही टाकली होती. खेळणाऱ्यांना फसवणं एक वेळ ठीक, पण दुसऱ्या संपादकांना फसवण्यात काय आनंद असेल!

'निंटेंडो पॉवर'ला अशा उचापती परवडणाऱ्या नव्हत्या, ते निंटेंडो या गेम-कंपनीचंच मासिक. जुलै-ऑगस्ट १९८८चा पहिला अंक, मुखपृष्ठावर कंपनीचा लाडका नायक मारिओ, मातीचा. टीकेची अपेक्षा तिथं ठेवायचीच नाही. पण त्यातले नकाशे! अख्खी लेव्हल डावीकडून उजवीकडे पसरलेली. खेळताना जग खिडकीएवढं दिसतं. त्या पानावर ते सगळं एकदम दिसायचं, देवाला दिसत असेल तसं. डिसेंबर २०१२च्या शेवटच्या अंकावर पुन्हा मातीचाच मारिओ होता.

जर्मनीत तर काय लिहायचं नाही, हीच पंचाईत. तिथं मुलांना घातक ठरलेल्या साहित्याची सरकारी यादी असते. यादीत गेलेल्या गेमची जाहिरात बंद, आणि परीक्षणही जाहिरातीतच मोजलं जाईल या धास्तीनं संपादक हात आखडता घेत. १९८४ साली 'रिव्हर रेड' यादीत गेला. नदीवरून उडणारं एक चिमुकलं विमान, बस्स. बाहेर आला २००२ साली. राक्षसांवर गोळ्या झाडायचा 'डूम' १९९४ ते २०११ आत. रशियात उलटी गत: निंटेंडो अधिकृतपणे पोचलंच नव्हतं, त्यांच्या गेमयंत्राची 'डेंडी' नावाची नक्कल घरोघरी, गेमच्या कार्ट्रिजसोबत माहितीपुस्तिका नाही. मग १९९३ साली सुरू झालेलं 'वेलिकी द्राकोन' हीच पुस्तिका.

याच 'डूम'ला ब्रिटनच्या 'एज' मासिकानं १९९४ साली दहापैकी सात दिले. या राक्षसांशी बोलता आलं असतं, मैत्री करता आली असती तर मजा आली असती, अशी परीक्षकाची तक्रार होती. त्यावरून त्याची आजतागायत टर उडवतात. 'एज'मध्ये लिहिणाऱ्याचं नाव छापत नसत, हे नशीब. मी मात्र त्याच्या बाजूनं. मलाही गोळी चुकवण्यापेक्षा गप्पा जमतात.

अमेरिकेतलं 'गेम इन्फॉर्मर' ऑगस्ट २०२४मध्ये बंद झालं, तेव्हा त्याची वेबसाइटही त्याच दिवशी गेली. हजारो लेखांच्या जागी निरोपाचा एक मजकूर. २०२५च्या मार्चमध्ये ते परत आलं, पण मधले महिने बघता कागद बरा म्हणायचा. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२५च्या जानेवारीत डिजिटल ग्रंथालय उघडलं, त्यात दीड हजारांवर जुने अंक आहेत. ते कोणाच्या तरी माळ्यावर, खोक्यात पडून राहिले म्हणून आज आहेत.

खोक्यातून आलेल्या अंकांवर आधीच्या मालकाच्या खुणा असतात. हव्या असलेल्या गेमपुढे पेन्सिलीचे ठिपके, न मिळालेल्यांवर काट. परवा एका इंग्रजी अंकात एका साहसी गेमचं संपूर्ण उत्तर सापडलं, पहिल्या खोलीपासून शेवटपर्यंत. मी अर्थात तो खेळलेली नाही. वाचत वाचत तळघराच्या दारापर्यंत आले. तिथं लिहिलं होतं, की खिशातली किल्ली इथं मुळीच वापरू नका, त्याऐवजी... आणि पुढं चौकोनी भोक. पलीकडच्या बाजूला वर्गणीचं कूपन होतं, कोणी तरी ते कात्रीनं नीट कापून घेतलेलं. भोकातून पुढच्या पानावरच्या जाहिरातीतलं जॉयस्टिकचं लाल बटण तेवढं दिसत होतं.

दोन रात्री झाल्या, मी त्या दाराशीच आहे. किल्ली वापरायची नाही, एवढं कळलंय.