नववी ब आणि आकाशातून दिसणारी दिवाळी

शुक्रवार, रात्री उशिरा

सत्र परीक्षा संपली, सुट्टी अजून लागायची आहे. या मधल्या दिवसांत पोर्शन पुढे रेटायचा म्हटलं तर मुलं सोडाच, माझंही मन लागत नाही. म्हणून नववी ब ला आज तो फोटो दाखवला. काळ्याभोर अंधारात भारताचा आकार, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके, आणि खाली मजकूर : दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला भारत. दिवाळी जवळ आली की हा घरोघरच्या ग्रुपवर हजर. आमच्या स्टाफच्या ग्रुपवर यंदा वसुबारसेच्याही आधी आला.

विचारलं, खरा की खोटा? सगळा वर्ग एका सुरात, "फेक!"

कशावरून?

"मॅडम, व्हॉट्सॲपवरचं सगळं फेकच असतं." मागच्या बाकावरून, "एआयने बनवलाय."

उत्तर अर्धं बरोबर होतं, तरी मला ते आवडलं नाही. आधीच्या बॅचची मुलं आलं ते खरं मानायची, ही आलं ते खोटं मानतात. मेहनत दोघांचीही सारखीच, म्हणजे काहीच नाही. वर आपण फार हुशार आहोत असं यांना वाटतं, ते वेगळंच.

मग शोधायला बसवलं. शाळेत मुलांना मोबाईलची बंदी, संगणक कक्षातले निम्मे संगणक सुरूच होत नाहीत. माझाच फोन प्रोजेक्टरला जोडला आणि तो फोटो टाकून शोध घ्यायला एका मुलीला पुढे बोलावलं. बाकीचे जागेवरून ओरडून सूचना देत होते. नासाच्याच एका पानावर पोचलो. इंग्रजी वाचताना अडखळले, पण वाचलं. हे चित्र 2003 साली ‘नोआ’ या अमेरिकी संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्विज यांनी तयार केलेलं. एका रात्रीचं नाहीच, अनेक वर्षांच्या उपग्रह नोंदी एकावर एक ठेवून केलेलं. पांढरे दिवे 1992 च्या आधीपासून दिसणारे, निळे 1992 मध्ये दिसू लागलेले, हिरवे 1998 मध्ये, लाल 2003 मध्ये. लोकवस्ती कशी वाढत गेली ते दाखवायला हे रंग. दिवाळीचा संबंध शून्य.

वर्ग एकदम शांत झाला. मग एक मुलगा हळूच म्हणाला, "म्हणजे फोटो खरा आहे, खालचं लिहिलेलं खोटं आहे."

या एका वाक्यासाठी मी तास घेतला असता तरी चाललं असतं. मी काही बोलले नाही, ते फळ्यावर लिहिलं.

त्याच पानावर 12 नोव्हेंबर 2012 चा, म्हणजे त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्रीचा फोटोही आहे. फिकट, साधा, बघून कुणी पुढे पाठवणार नाही असा. शहरं एरवीही रात्री झगमगतच असतात, त्यात पणत्या-आकाशकंदिलांची भर अवकाशातून जाणवण्याइतकी नसते, असं तिथे म्हटलंय. हे ऐकून पोरं जरा हिरमुसली. पण रंगांचं कोडं सुटल्यावर मात्र चेकाळली. लाल ठिपके कुठे जास्त आहेत, हिरवे कुठे, आपला जिल्हा कोणता, यावरून हमरीतुमरी. भूगोलाच्या तासाला एवढा आवाज कधी झाला नव्हता.

तेवढ्यात ज्या मुलीने शोधलं तिनेच विचारलं, "पण मॅडम, या पानावर तरी विश्वास का ठेवायचा? तेही कुणीतरी लिहिलेलंच ना?"

घंटा व्हायला पाच मिनिटं होती आणि प्रश्न दिवसभर पुरेल असा. म्हटलं, इथे करणाऱ्याचं नाव आहे, साल आहे, कोणत्या उपग्रहांवरून घेतलं ते आहे. चूक असेल तर दुसरा कुणी तपासून दाखवू शकतो. फॉरवर्डवर यातलं काय आहे? ती "हं" म्हणाली. तिचं पूर्ण पटलेलं नाही, आणि ते मला बरं वाटलं.

घरी येऊन प्रकल्पवह्यांचा गठ्ठा उघडला. बऱ्याच वह्यांत झेरॉक्सच्या दुकानातून घेतलेली तीच पानं, तीच चित्रं, शेवटी ‘संदर्भ : गूगल’. कुणी घराचा पत्ता विचारला तर ‘रस्त्यावर’ असं सांगण्यातला प्रकार. आणि अशा पानावर सही-शिक्का मारायची आपल्याकडे रीतच आहे. दोष मुलांचा कितीसा?

खरं तर मला राईनपाड्याबद्दलही बोलायचं होतं. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय ही अफवा मोबाईलवरून आधीच पसरलेली. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्या सुमारास देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेला होता, शेवटचा संदेश काढून टाकून. इथेही चित्र खरं, सांगणं खोटं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घालायचं जाहीर केलं. चौदा वर्षांच्या मुलांना हे सांगावं का, यावर आमच्या शिक्षक खोलीत एकमत नाही. माझं मत, सांगावं, पण व्हिडिओ न दाखवता, आणि सुट्टीच्या तोंडावर नको. पुढच्या सत्रात.

सुट्टीसाठी एकच काम दिलंय. ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड घ्यायचा आणि तो मुळात कुणी, कुठे, कधी टाकला ते वहीत लिहायचं. नाही सापडलं तर कुठे कुठे शोधलं ते लिहून ‘सापडलं नाही’ म्हणायचं, त्यालाही पूर्ण गुण.

एकाने विचारलं, "काकांनी टाकलेला चालेल का?"

चालेल म्हटलं. पण ग्रुपवर दुरुस्ती टाकायची नाही. फराळाला बसले की शेजारी बसून दाखवायचं.