लिहिलंस कशाला?

लग्नकार्य असो की रामबागेतला गणपती, इंदूरच्या आमच्या गोतावळ्यात मला एकच प्रश्न: "चेकची केस फॉर्ममध्ये लिहिलीस कशाला? केंद्र सरकारची नोकरी हातची घालवलीस!" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगतो.

दुकानाच्या मालाचे ८२ हजार थकले होते. चेकबुक माझं, सही माझी. चेक परत आला, नोटिशीनंतर पैसे द्यायचे १५ दिवस गेले आणि व्यापाऱ्याने चेक न वटल्याचं कलम १३८ लावलं. कुणाचे पैसे बुडवायचे नव्हते. पण या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, मामला फौजदारी आहे. 'आपसातली उधारी' म्हणून हात झटकता येत नाहीत.

नोकरीसाठीचा पडताळणी फॉर्म भरायला बसलो तेव्हा काका शेजारी होते. माथ्यावरच छापलेलं: माहिती खोटी दिली किंवा दडवली तर अपात्र, नंतर उघडकीस आलं तर नोकरी जाईल. खाली रकाने. अटक झाली होती का? नाही. शिक्षा? नाही. परीक्षेला बसायला बंदी? नाही. मग आलं, कुठल्या न्यायालयात खटला प्रलंबित आहे का?

"अरे, एफआयआर कुठेय?" काका म्हणाले. "त्याने तक्रार थेट कोर्टात केलीय. पोलीस ठाण्यात तुझं नावच नाही. 'नाही' लिही आणि मोकळा हो."

आईने चहाचा कप कागदापासून लांब सरकवला, बोलली काहीच नाही. मी 'होय' लिहिलं. वेगळा कागद जोडून केस नंबर, रक्कम, पुढची तारीखही दिली.

पडताळणीला हवालदार आला, शेजारच्यांकडे चौकशी करून गेला. ठाण्याचा अहवाल साफ. म्हणजे काकांचं खरं होतं. फाइल अडली ती माझ्या अक्षरावर. तिथला बाबू म्हणाला, "भैया, आपने ही तो लिखा है।" पुढे पत्र आलं, नियुक्ती देता येत नाही.

आता काका सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा निकाल ऐकवतात: किरकोळ गोष्ट दडवली असेल तर सरकार दुर्लक्ष करू शकतं. करू शकतं, करेलच असं नाही! त्यात उदाहरण आहे ते तरुणपणी घोषणा दिल्याचं. आणि किरकोळ खटला प्रलंबित असल्याचं खरं सांगितलं, तरी नेमणूक द्यायची की नाही हे सरकारच्याच मर्जीवर, हेही त्याच निकालात आहे. माझ्या वाट्याला नेमकं तेवढंच आलं.

पण मला हरिश्चंद्र करू नका. ठाण्याला कळेलच, अशी तेव्हा माझी खात्री होती. कळणार नाही हे पक्कं ठाऊक असतं तर पेन कुठे वळलं असतं, सांगता येत नाही. कधी वाटतं, आधी तडजोड करून केस मिटवायची आणि मग फॉर्म भरायचा. पण मिटवायला पैसे असते तर चेक परत कशाला आला असता? शिवाय त्याच फॉर्ममध्ये आणखी एक रकाना होता: तुमच्यावर कधी खटला चालला आहे का?