मोकळ्या घरात शून्य

आपल्या शाळेच्या स्मरणिकेत आठवण लिहायची, तर फळ्यावर उभ्या रेघा मारून आखलेल्या, लांबीच्या एककांच्या त्या सात घरांचीच. मोजमापाशी रोजचा संबंध असलेल्या माणसाला त्यांची गरज आजही पडते. सध्या जे विद्यार्थी बाकांवर बसतात, त्यांच्यासाठी ती नीट उलगडून सांगतो.

कि-हे-डे-मी-डे-सें-मि. किलोमीटर, हेक्टोमीटर, डेकामीटर, मीटर, डेसिमीटर, सेंटिमीटर, मिलिमीटर. उजवीकडे एक घर सरकलं की एकक दहापट लहान होतं. ओळ पाठ असूनही मुलं अडखळतात ती दोन ‘डे’ पाशी. मीटरच्या आधीचा डेका, म्हणजे १० मीटर. नंतरचा डेसि, म्हणजे मीटरचा दहावा भाग. दोघांची अदलाबदल झाली की उत्तर शंभरपटीनं चुकतं. मोठ्या एककांची नावं ग्रीक संख्यांवरून आली आणि लहानांची लॅटिनवरून, एवढं लक्षात ठेवलं तर डेका वर आणि डेसि खाली, हे पक्कं होतं.

घरं मोजू नका, उड्या मोजा. किलोमीटरपासून मीटरपर्यंत घरं चार आहेत, पण उड्या तीनच. म्हणून १,००० नं गुणायचं.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. ३ किमी ४५ मी म्हणजे किती किलोमीटर? बरीच मुलं बेधडक ३.४५ लिहितात. घरांत मांडून पाहा: कि खाली ३, हे खाली काहीच नाही, डे खाली ४, मी खाली ५. त्या मोकळ्या घरात शून्य भरल्याशिवाय पुढे जायचं नाही. उत्तर ३.०४५ किमी. ३.४५ किमी म्हणजे ३ किमी ४५० मी, तब्बल ४०५ मीटरचा फरक! दशांश चिन्ह ही दोन एककांमधली भिंत आहे, असं मनात बसलेलं असतं, म्हणून हे घडतं. ७.८ मी म्हणजे ७ मी ८० सेमी. ७ मी ८ सेमी लिहायचं तर ७.०८.

दुसरी चूक दिशेची. लहान मापानं मोजलं तर ते जास्त वेळा लावावं लागतं, म्हणून एकक लहान झालं की संख्या मोठी होते. २,५०० मिमीचे मीटर करताना तीन उड्या डावीकडे, २.५ मी. भागायच्या जागी गुणलं तर २५,००,००० मीटर येतात, म्हणजे बरोबर उत्तराच्या दहा लाख पट. इतकी दांडगी चूक नुसत्या नजरेला कळायला हवी, पण त्यासाठी एखादं माप अंगवळणी पडलेलं असावं लागतं. ए-४ कागदाची लांबी २९७ मिमी, २९.७ सेमी, ०.२९७ मी. तो समोर ठेवून तिन्ही आकडे एकदा पट्टीवर शोधा. शाळेतल्या पट्टीवर मोठे आकडे सेंटिमीटरचे असतात, तर बांधकामाच्या आणि यंत्रांच्या आराखड्यात माप बहुधा मिलिमीटरमध्ये, एकक न लिहिता दिलेलं असतं. आराखड्यातलं ३४५० म्हणजे ३.४५ मी. टेपवर ३४५ सेमी वाचून आराखड्यावर नुसतं ३४५ टाकलं की भिंत दहापट आखूड झाली. उत्तर नेमकं दहापट चुकलं असेल, तर आधी सेमी-मिमीकडेच बघावं.

मिलिमीटरच्या पलीकडे मात्र ही सवय फसवते. तिथून पुढचं नेहमीच्या वापरातलं एकक, मायक्रोमीटर, एका उडीवर नाही, तीन उड्यांवर आहे. १ मिमी म्हणजे १,००० मायक्रोमीटर. नॅनोमीटर आणखी तीन उड्या पुढे.

क्षेत्रफळात प्रत्येक उडी शंभराची. १ चौ. मी म्हणजे १०० नव्हे, १०,००० चौ. सेमी, कारण लांबीत शंभर आणि रुंदीतही शंभर. विसरलेला हेक्टोमीटर इथे परत भेटतो: १ चौरस हेक्टोमीटर म्हणजेच १ हेक्टर.

नकाशाच्या प्रमाणात सगळ्याचीच परीक्षा होते. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन ठिकाणांमधलं अंतर ७.४ सेमी भरलं. आधी ५०,००० नं गुणा: ३,७०,००० सेमी. मग मीटर: ३,७०० मी. मग किलोमीटर: ३.७ किमी. सेमीपासून किमीपर्यंत पाच उड्या एका दमात मारायला गेलं की एखादी गळते आणि ३७ किमी येतात. दोन टप्प्यांत गेलेलं बरं. आणि पट्टीवर मिलिमीटरपर्यंतच वाचता येतं, तेव्हा ३.७०० किमी असं लिहू नये. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजेच जमिनीवरचे ५० मीटर.