सेमिस्टर मध्येच सोडलं, तर फेडरल मदतीचं काय?

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मुलांपैकी मुख्यतः जे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक आहेत, त्यांना पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांसाठीचं सरकारी अनुदान) आणि फेडरल, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारचं, कर्ज मिळतं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना पुढचा हिशेब लागू नाही.

समजा, सेमिस्टर 109 दिवसांचं, त्यात 9 दिवसांची सलग सुट्टी. सुट्टी सलग 5 किंवा जास्त दिवसांची असली की वजा होते, म्हणून 100 दिवस धरायचे. शनिवार-रविवार मोजायचेच. जितके टक्के दिवस झाले, तितकीच मदत तुमची होते. तिसाव्या दिवशी कॉलेज सोडलं, तर 6000 डॉलरच्या मदतीपैकी 30 टक्के, म्हणजे 1800 'कमावले'. 4200 परत जाणार. कॉलेजची फी 5000 असेल, तर तिच्या 70 टक्के, 3500, कॉलेज सरकारला परत करतं, तेही आधी कर्जाच्या खात्यात. उरलेले 700 कर्जाचे असतील तर नेहमीच्या हप्त्यांत फिटतात.

खरा फटका पुढेच बसतो. कॉलेजच्या स्वतःच्या नियमाने फी माफ होत नसेल, तर ते 3500 विद्यार्थ्याच्या नावावर बिल म्हणून येतात. म्हणून कॉलेज सोडण्याचा फॉर्म भरण्याआधी फायनान्शियल एड ऑफिसकडून किती मदत परत जाणार आणि किती बिल येणार, हे दोन्ही आकडे लेखी घ्या.

60 टक्के कालावधी ओलांडला, इथे एकसष्टावा दिवस, की पूर्ण मदत तुमची. आठवडाभर तग धरता येत असेल तर जरूर धरा, पण तब्येत पणाला लावून नव्हे.

न सांगता वर्गात जाणं बंद करू नका. सोडल्याची तारीख मग कॉलेज ठरवतं. आणि कर्जाचे हप्ते सुरू होण्याआधीची 6 महिन्यांची सवलतही सोडल्यापासूनच सुरू होते.