तुम्ही विचारलंत म्हणून: ताडोबाला कधी यायचं?

‘तू चंद्रपूरची, तुला माहीतच असणार. आमच्याकडे चारच दिवस आहेत. ताडोबाला नेमकं कधी यायचं?’

पुण्या-मुंबईचे नातेवाईक विचारतात, नवऱ्याच्या ऑफिसातले विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा गाव कळलं की हेच विचारते. आता तुम्हीही विचारलंत. तेव्हा एकदा बसून लिहूनच टाकते. गेटं कुठली आणि सफारीच्या जिप्सी गाडीत किती जण बसतात, ते तुम्ही आधीच शोधून ठेवलं असणार, ते सोडून देते.

पूर्वी माझं उत्तर एका शब्दाचं होतं. मे. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत मे. त्यात थोडी मिजासही होती. आम्ही दरसाल 46-47 अंश काढतो, तुम्ही चार दिवस काढून बघा. पण कारण खोटं नव्हतं. मेमध्ये साग उघडा पडलेला असतो, गवत वाळून बसलेलं असतं, नाले आटलेले असतात. उरतात ते तलाव आणि वनखात्याचे पाणवठे. वाघाला ऊन सोसत नाही, तो पाण्यात येऊन बसतो. तुम्ही पाण्याशी थांबायचं, बस. उलट 1 ऑक्टोबरला कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, उघडतं तेव्हा गवत छातीभर असतं. वाघ रस्त्यापासून पाच पावलांवर झोपलेला असला तरी जिप्सी खुशाल पुढे निघून जाते. तेव्हा मे. आजही कोणी वादच घातला तर मी हेच बोलेन.

2019 मध्ये ताईला मी मेमध्येच बोलावलं. ताई ठाण्याला, बँकेत. भाऊजींची नोकरी खासगी, तिथे रजा म्हणजे उपकार. भाचा नऊ वर्षांचा, त्याला पिंजऱ्याबाहेरचा वाघ बघायचा होता. सगळ्यांचं जुळवता जुळवता रविवार ते बुधवार असे दिवस निघाले. मेची गर्दी म्हणून रेल्वेची तिकिटं मीच आधी काढायला लावली. मग सफारीच्या बुकिंगला बसले, तर मंगळवारची तारीख घेईचना. मंगळवारी ताडोबा बंद असतं. आमच्या गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट, आणि जन्माची चंद्रपूरकर मी ती विसरले होते. सोमवारी सकाळी मोहर्लीचं गेट भरलेलं. बुधवारी नागपूरहून परतीची गाडी. हातात उरली सोमवार दुपारची एकच सफारी.

ताईला यातलं काही सांगितलं नाही. ‘दुपारचीच चांगली, पाण्यावर येतो,’ एवढंच म्हणाले.

निघताना सगळ्यांच्या खिशात एकेक कांदा घातला, उन्हाळ्यात आमच्याकडे घालतात तसा. भाऊजी हसले. पन्ह्याची बाटली घेतली, दुपट्टे ओले करून घेतले. गेटवर मोबाइल जमा केले आणि आत गेलो. त्या वाऱ्यात घाम येतो तो आल्या आल्या वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी चाललंय हे कळतच नाही. मोठ्यांना कळत नाही, पोराला काय कळणार.

साडेचारच्या सुमाराला एका पाणवठ्याशी थांबलो. भाचा बराच वेळ गप्प होता. मला वाटलं, पोर वाघाच्या आशेने गप्प बसलंय. मग त्याला ओकारी आली. जंगलात खाली उतरता येत नाही. भाऊजींनी त्याला कमरेला धरून बाहेर वाकवलं आणि सगळं पन्हं मागच्या चाकाशी पडलं. हात लावला तर अंग तापलेलं आणि कोरडं. ताई म्हणाली, ‘परत चला.’

तेवढ्यात वरून वानर ओरडलं. मग पलीकडून चितळ. वाघाची चाहूल लागली की ती अशी ओरडतात. गाइड हळूच म्हणाला, ‘कॉल होऊन राहिले ना जी, येतेच तो. पण पोराचं तुम्ही पाहा.’ भाऊजींनी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं, कारण इथली मी होते. मी म्हणाले, ‘दहा मिनिटं.’

वीस तरी गेली असतील. वाघ आला. बांबूतून निघाला, सावकाश पाण्याशी आला, वळला आणि मागचे पाय आधी टाकत पाठमोरा पाण्यात बसला. तोंडावर पाणी उडू नये म्हणून तो असा बसतो म्हणतात. कानाशी माशा होत्या, तो एकच कान हलवत होता. पाणी प्यायला तेव्हा जिभेचा लपलप आवाज जिप्सीपर्यंत आला. मी बघत होते. भाऊजी बघत होते. ताईच्या मांडीवर पोराचं डोकं, त्यावर ओला दुपट्टा, आणि ती वाघाकडे पाठ करून बाटलीतलं पाणी त्या दुपट्ट्यावर थोडं थोडं टाकत होती. मी कुजबुजले, ‘ताई, बघ.’

‘तू बघ,’ ती म्हणाली.

रात्री पोराला सलाइन लावावं लागलं. मंगळवार दवाखान्यात गेला. तो बंद मंगळवार असा कामी आला.

पोर बरं झालं, धडधाकट आहे. गेटपर्यंत यायला तासभर लागणारच होता, वीस मिनिटांनी काय बिघडलं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. गाइडने कॉल सांगितले होते. भाऊजींनीही तोंड उघडलं नाही. सगळं खरं. पण दुसरी सफारी हातात असती तर मीच सगळ्यांच्या आधी ‘वळवा गाडी’ म्हटलं असतं, हेही खरं. मंगळवार विसरल्याची लाज मला त्या वाघाकडून भरून घ्यायची होती. आणि तरीही तो वाघ सुंदर होता. हे ताईसमोर आजवर बोलले नाही.

त्यानंतर मी उत्तर बदललं. नोव्हेंबर-डिसेंबर सांगू लागले. मामेभाऊ नोव्हेंबरात आला, शनिवार-रविवार धरून तीन सफाऱ्या केल्या. सकाळच्या उघड्या जिप्सीत सगळे गारठले, पण कोणी आजारी पडलं नाही. रानगवे दिसले, रानकुत्र्यांची टोळी दिसली, ताडोबाच्या तलावाकाठी मगर दिसली. काठावर तारूचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला गावचा पुढारी गोंडांनी देव मानला, त्याच्या नावाचं हे जंगल, अशी कथा आहे. वहिनीने मन लावून ऐकली. वाघ नाही दिसला. निघताना मामेभाऊ म्हणाला, ‘हरणं बघायला एवढे पैसे!’ माझ्या ओठावर ‘मेमध्ये आला असतास तर’ आलं होतं. गिळलं.

मला स्वतःला मार्च आवडतो. पळस फुललेला असतो, महिनाअखेरीला मोह पडायला लागतो, तो खायला अस्वलं येतात. पण त्याच दिवसांत आसपासच्या गावांतली माणसं पहाटे मोह वेचायला जातात, मेमध्ये विडीच्या तेंदूपत्त्याला. वाकून वेचणाऱ्या माणसावर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या आम्ही दर उन्हाळ्यात वाचतो. चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारातसुद्धा वाघ दिसतो. वाघ नक्की कधी दिसेल, हे तुम्ही विचारता. त्या गावांतल्या बायकांना तो कधी दिसणार नाही, हे हवं असतं. मग फोनवर माझा आवाज चढतो, आणि तुम्हाला वाटतं, एवढं साधं विचारलं तर हिला काय झालं.

आणि खरं सांगू? तुम्हाला महिना नकोच असतो. हमी हवी असते, आणि वाघ नाही दिसला तर बोल लावायला एक माणूस. मी तो माणूस होऊन चुकले आहे. तेव्हा लेकरं घेऊन मेच्या दुपारी येऊ नका, मंगळवार बघून तिकिटं काढा, 30 जूननंतर तीन महिने कोअर बंद असतं हे ध्यानात ठेवा. यापुढचं माझ्याकडून वदवून घेऊ नका.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण भाचा आहे. यंदा तो दहावीला. परवा त्याचा स्वतःचा फोन आला, ‘मावशी, परीक्षेनंतर येऊ का? कधी येऊ?’ त्याला तो वाघ आठवत नाही, खिशातल्या कांद्याचा वास तेवढा आठवतो. परीक्षा मार्चमध्ये संपेल, पण मार्चअखेर बँकेत ताईला रजा मागायचीही सोय नाही. भाऊजींना एप्रिल जमत नाही. उरतो मे. ताई त्याला एकट्याला पाठवणार नाही, आणि मेमध्ये ती स्वतः येईल का, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.

‘उद्या सांगते,’ असं त्याला म्हटलंय. मेचं कॅलेंडर काढून मंगळवारांवर तेवढ्या फुल्या मारून ठेवल्यात.