भुसावळकरांचा बर्फावरचा पहिला तास

लेकाने ब्रॅम्प्टनला बोलावलं, तेव्हा कॅनडाच्या थंडीचं टेन्शन घेऊनच आम्ही दोघं नोव्हेंबरात निघालो. पण रस्त्यावर कुडकुडलो नाही एवढे त्याच्या घराजवळच्या कम्युनिटी सेंटरात कुडकुडलो. एकाच छपराखाली पोहण्याचा तलाव, वाचनालय, जिम आणि पात्याचे बूट घालून स्केटिंग करायला 200 फूट लांब, 85 फूट रुंद बर्फाचं मैदान. "माय वं, इतला बरफ!" म्हणत ही दारातच थबकली.

माझा जन्म रेल्वेच्या लोको शेडमध्ये गेलेला, त्यामुळे मला आधी खालची मशिनरी दिसते. बर्फ जेमतेम दीड इंचाचा. त्याखालच्या काँक्रीटमध्ये नळ्यांचं जाळं असतं आणि त्यातून शून्याखालचं खारं पाणी फिरतं. मिठामुळे ते गोठत नाही. पॉटच्या आइस्क्रीमला आपण बर्फात खडेमीठ टाकतो, तोच हिशेब. गारवा अमोनियाच्या प्लांटचा, आपल्याकडच्या बर्फाच्या कारखान्यासारखाच. त्यातून निघणारी उष्णता तलावाचं पाणी कोमट ठेवायला वापरतात, हे ऐकून तर मी खूष.

सेशन संपलं की ट्रॅक्टरएवढी झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, येते. वरचा थर खरवडते आणि मागून चक्क गरम पाणी सोडते! गरम पाण्याने बर्फाचा वरचा पापुद्रा वितळतो, पाणी त्यात एकजीव होऊन गोठतं आणि ओरखडे बुजतात. ते पाहायला दहा मिनिटं काचेजवळ थांबाच.

आता माझ्या चुका. स्केट्स बुटाच्या मापाचे घेतले आणि वर हिने विणलेले जाड मोजे. पाय आत डुगडुगत होता, दुसऱ्याच फेरीत बसलो खाली. स्केट एक-दीड नंबर लहान लागतो, मोजा पातळ हवा, घोट्याशी नाडी करकचून आवळायची. सगळ्याच सेंटरांत स्केट्स भाड्याने मिळत नाहीत, आधी विचारा. हेल्मेट आणि हातमोजे घालाच, पडल्यावर पहिला तळहातच टेकतो. नवख्यांना धरून चालायला प्लास्टिकचा घोडा मिळतो. मी लाज सोडून चार वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा राहिलो. नुसतं बघायला बसणाऱ्यांनी शाल आणि कानटोपी घ्यावी. ज्येष्ठांना तिकिटात सवलत असते, पण वयाची अट गावोगावी वेगळी.

आणि आपल्याकडच्या उन्हातून पळून मे महिन्यात जाणार असाल, तर आधी फोन करा. उन्हाळ्यात कित्येक ठिकाणी बर्फ काढून टाकतात आणि त्याच कोरड्या काँक्रीटवर लॅक्रॉस, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा-फेकायचा खेळ, खेळतात.